उलव्याला उतरलात, सहार अजून लांब आहे

पेणच्या एका काका-काकूंनी नागपूरचे लग्न आटोपून परस्पर दुबईला लेकीकडे जायचे ठरवले. तिकिटे मुलाने मोबाइलवर काढली, दोन वेगवेगळी. नागपूरचे विमान नवी मुंबईच्या उलव्याला उतरणार, दुबईचे मुंबईच्या सहारहून सुटणार. मध्ये साडेचार तास. नवी मुंबई म्हणजे आपल्या दारातलाच विमानतळ, म्हणून घरात सगळे निर्धास्त!

विमान तासभर उशिरा उतरले. मग पोहे-पापडांनी फुगलेली बॅग पट्ट्यावर येईपर्यंत ताटकळणे आले. तिकिटे वेगळी असली की सामान आपोआप पुढे जात नाही. ते उचलायचे, बाहेर पडायचे आणि दुसऱ्या विमानतळावर पुन्हा रांग धरायची. टॅक्सी शिवाजीनगरहून अटल सेतूवर चढली, 200 रुपये टोल पडला आणि खाडी बघता बघता मागे गेली. काकांना हायसे वाटले. शिवडीला उतरल्यावर मात्र चेंबूर, मग सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, आणि संध्याकाळची वेळ. सहारला पोचले तेव्हा काउंटर बंद झाला होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचा काउंटर साधारण तासभर आधीच मिटतो. विमान डोळ्यांसमोर उभे असले तरी उपयोग नाही.

भरपाई? पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नसतो. एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर प्रवास असता तर पुढची सोय मागता आली असती. स्वस्तात पडलेली तिकिटांची जोडी अशी महागात जाते.

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून प्रवासी विमाने उडू लागली. तिथून सहारपर्यंत रस्त्याने अंतर साधारण 35 ते 40 किलोमीटर. पहाटे हे तासाभरात कापता येते. संध्याकाळी किंवा धो धो पावसात दोन तासही कमी पडतात. म्हणून तिकीट काढताना गावाचे नाव नव्हे, संकेत वाचावा: बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे उलवे. गोव्यातही तीच गत. 2023च्या जानेवारीत मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून दाबोळीला उतरून मोपाहून उडायचे म्हटले, तर उत्तर गोवा उभा पार करावा लागतो. लंडनला हीथ्रो आणि गॅटविक यांच्यात तर साठ-सत्तर किलोमीटर आहेत.

विमानतळ बदलणे टळत नसेल, तर उतरण्यापासून पुढच्या उड्डाणापर्यंत सात-आठ तास हाताशी ठेवावेत. परदेशी जायचे असेल तर आदल्या दिवशीच येऊन राहणे उत्तम. पेणकरांना तर ते सोपे आहे: उलव्याला उतरून घरी यावे, झोपावे आणि दुसऱ्या दिवशी सहार गाठावे. फक्त गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर कोकणातून परतणारी गर्दी कर्नाळा आणि पळस्पे फाट्यावर तुंबते, त्या दिवसांत घरातून आणखी दोन तास आधी निघावे. रस्ता टाळायचा तर पेणहून दिवा-रोहा मेमूने पनवेल गाठता येते, पण तिच्या फेऱ्या मोजक्याच. वेळापत्रक आदल्या दिवशीच पाहून ठेवावे.