विषपरीक्षेतील मुका साक्षी

एखादा पदार्थ माणसाच्या पोटात जाण्यापूर्वी तो अन्य प्राण्यावर पारखून पाहावा, ही कल्पना आधुनिक प्रयोगशाळेबरोबरच जन्मास आली, असा एक सर्वसाधारण समज आहे. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो मान्य करता येणार नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात आणि सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विषपरीक्षेची जी प्रकरणे आहेत, त्यांत पशुपक्ष्यांच्या देहावरून विष ओळखण्याची सविस्तर पद्धती सांगितलेली आहे. या प्रकरणांकडे प्राचीन विज्ञानाचा गौरव करण्यासाठी पाहण्याचे कारण नाही आणि भाबड्या समजुती म्हणून ती बाजूला सारणेही योग्य नाही. एका देहावर जे घडले त्यावरून दुसऱ्या देहाविषयी काय म्हणता येते, हा विषशास्त्राचा मूळ प्रश्न त्यांत कसा मांडला गेला आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

अर्थशास्त्रातील राजाचे अन्न प्रथम अग्नीला आणि पक्ष्यांना दिले जाते. ज्वालेचा व धुराचा रंग पालटणे आणि पक्षी मरणे ही विषाची चिन्हे होत. याखेरीज राजवाड्यात पाळावयाच्या पक्ष्यांची एक यादीच तेथे येते. सर्पविषाची शंका येताच पोपट व मैना ओरडू लागतात; विष जवळ असता क्रौंच मत्त होतो, जीवंजीवक म्लान होतो, मत्तकोकिल मरतो आणि चकोराच्या डोळ्यांचा रंग पालटतो. सुश्रुतसंहितेत ही यादी अधिक लांबते. तेथे मोर, हंस, अश्रू ढाळणारा ठिपक्यांचा हरिण आणि मलविसर्जन करणारे माकडही येते. असे प्राणी राजाने आपल्या निकट ठेवावेत, म्हणजे वास्तूची शोभा वाढेल आणि स्वतःचे रक्षणही होईल, असा उपदेश त्या ग्रंथात केलेला आहे.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. चकोराचे डोळे आणि क्रौंचाचा मद दोन्हीकडे तसेच आहेत; परंतु अर्थशास्त्रात केवळ म्लान होणारा जीवंजीवक सुश्रुतात मरतो, आणि तिकडे मरणाऱ्या कोकिलाचा इकडे फक्त स्वर बिघडतो. यादीचा साचा कायम राहून चिन्हांची वाटणी मात्र बदलली आहे. प्रत्येक नोंद प्रत्यक्ष पाहून केलेली असती, तर असा पालट सहसा झाला नसता. म्हणून यांतील काही भाग तरी निरीक्षणातून न येता पाठपरंपरेतून आला असावा, असे अनुमान करणे भाग पडते.

याच पक्ष्यांचे काव्यातील जीवन याहून अगदी वेगळे आहे. काव्यातील चकोर चांदण्यावर जगतो. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात चंद्राचे कोवळे अमृतकण टिपणारी चकोराची पिल्ले आदर्श श्रोत्याचे उपमान होऊन येतात. संस्कृत काव्यात चकोराक्षी हे सुंदर स्त्रीचे विशेषण आहे. म्हणजे ज्या डोळ्यांचा रंग काव्यात सौंदर्याचा विषय होतो, त्याच रंगाचा पालट शास्त्रात मृत्यूची सूचना ठरतो. क्रौंचाचेही तसेच आहे. रामायणाच्या आरंभी त्याच्या वधामुळे कवीचा शोक श्लोकरूप पावतो. राजवाड्यातील क्रौंचाच्या वाट्याला तशी करुणा आलेली नाही. त्याचे मत्त होणे हे केवळ लक्षण असून ते राजासाठी वाचावयाचे आहे. काव्य पक्ष्याच्या वेदनेजवळ थांबते, तर शास्त्र त्या वेदनेतून पलीकडे पाहते. या भेदाचे भान ठेवल्याशिवाय विषपरीक्षेची भाषा नीट कळणार नाही.

परंतु शास्त्र केवळ चिन्हे वाचून थांबलेले नाही, ही गोष्ट सुश्रुताच्या कल्पस्थानातील चौथ्या अध्यायावरून स्पष्ट होते. सर्पविषाचे माणसाच्या देहात सात वेग सांगून झाल्यावर ग्रंथकार पशूंमध्ये चार आणि पक्ष्यांमध्ये तीन वेग सांगतो. पक्ष्यांत एकच वेग असतो, तसेच मांजर, मुंगूस इत्यादींवर विषाचा फारसा प्रभाव पडत नाही, असे काहींचे मतही तो नोंदवतो. हा मतभेद नोंदवणे विशेष महत्त्वाचे आहे. विष एकच असले तरी प्राणी बदलला की परिणाम बदलतो, ही जाणीव येथे प्रकट झाली आहे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर पक्ष्यावरून माणसाचे अनुमान निरुपाधिक नाही. अग्नी असला की धूर असतोच असे नाही, त्यासाठी इंधन ओले असावे लागते. तशीच येथे प्राण्याची जात ही उपाधी आहे.

आधुनिक विषशास्त्राने या अनुमानाला संख्येचे रूप दिले. १९२७ साली जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या इंग्रज शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले की, एकाच जातीचे प्राणीही विषाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून कमीत कमी मारक मात्रा शोधण्यापेक्षा गटातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा ठरवणे अधिक विश्वसनीय असते. या मध्यम मारक मात्रेमुळे डिजिटॅलिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांच्या प्रभावाचे प्रमाणीकरण सुकर झाले. मात्र त्याबरोबर भाषाही बदलली. ओरडणारा, रडणारा, म्लान होणारा प्राणी वर्णनातून गेला आणि त्याच्या जागी शेकडेवारी आली. व्यक्तिभेदाचा प्रश्न संख्येने बऱ्याच अंशी सोडवला. जातिभेदाचा प्रश्न मात्र होता तेथेच राहिला.

पश्चिम जर्मनीत १९५७ साली विक्रीस आलेल्या थॅलिडोमाइडने तो प्रश्न दारुण स्वरूपात पुढे आणला. गर्भवती स्त्रियांनी हे औषध घेतल्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक बालके व्यंग घेऊन जन्मली असा अंदाज आहे. १९६१ साली औषध मागे घेण्यात आले. पुढील प्रयोगांत असे आढळले की, उंदरांत हे व्यंग सहसा उत्पन्न होत नाही, सशांत व माकडांत मात्र होते. उंदराची साक्ष खोटी नव्हती, पण ती उंदरापुरतीच खरी होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण भारताच्या आकाशात घडले. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक माणसाला आणि गुरांना चालते. परंतु ते दिलेल्या गुराचे मृत शरीर खाल्ले असता गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९० नंतरच्या दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. ज्या पक्ष्यावर परीक्षा करण्याचे कोणाच्या मनात आले नाही, तोच मेला. २००६ साली भारत सरकारने पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. त्याला पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम सुचवण्यापूर्वी ते प्रथम तुलनेने विपुल अशा आफ्रिकी गिधाडांना आणि नंतरच भारतातील दुर्मिळ गिधाडांना देऊन पाहण्यात आले. येथे पक्ष्याची परीक्षा पक्ष्याच्याच रक्षणासाठी झाली. राजवाड्यातील यादीत ही शक्यता कोठेही आढळत नाही.

साक्ष मिळाल्यानंतर ती ऐकली जाते काय, हा शेवटचा आणि कदाचित सर्वांत गंभीर प्रश्न. १९३७ साली अमेरिकेत डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलेल्या सल्फानिलमाइडने शंभरांहून अधिक माणसे दगावली. विक्रीपूर्वी त्या मिश्रणाची प्राण्यांवर विषपरीक्षा झालेली नव्हती. दुर्घटनेनंतर ती झाली आणि १९३८ साली कायदाही झाला. तरीही १९८६ साली मुंबईतील एका सरकारी रुग्णालयात त्याच द्रव्याने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण मरण पावले, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाला त्याची चौकशी करावी लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात तयार झालेल्या खोकल्याच्या काही औषधांविषयी याच द्रव्याच्या संदर्भात इशारा दिला. या विषाचा धर्म जाणून घेण्यासाठी आणखी एकाही प्राण्याचा बळी देण्याची गरज नव्हती. गरज होती ती प्रत्येक पिंपातील द्रव तपासण्याची.

याच कारणासाठी रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली तीन तत्त्वे केवळ भूतदयेची ठरत नाहीत. शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि यातना कमी करणे, ही ती तत्त्वे होत. भारतात १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद केली; २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी बंद झाली; आणि २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत पेशींवरील व संगणकीय पद्धतींनाही स्थान मिळाले. या सर्वांमागे एक तार्किक अटही आहे. ज्या साक्षीतून काही निष्पन्न होणार नाही किंवा जी पूर्वीच मिळाली आहे, ती पुन्हा घेण्याचा अधिकार परीक्षकाला पोहोचत नाही.

रामायणातील जटायू हाही साक्षीच आहे. सीता कोणी नेली हे सांगून तो प्राण सोडतो. रामाने त्याचे म्हणणे ऐकले, त्यावरून पुढची दिशा धरली आणि त्याचे अंत्यसंस्कारही स्वतः केले. शास्त्रग्रंथातील चकोर आणि प्रयोगशाळेतील उंदीर यांना वाणी नाही, म्हणून त्यांची साक्ष लक्षणांच्या व आकड्यांच्या भाषेत लिहावी लागते. ती वाचताना हा साक्षी कोणत्या जातीचा, त्याच्या साक्षीची मर्यादा कोणती आणि ती ऐकून पुढे काय केले गेले, हे तीन प्रश्न वैज्ञानिकाप्रमाणे वाङ्मयाच्या अभ्यासकानेही विचारले पाहिजेत.