कोळंबीचे तळे पहाटे का गुदमरते?

कोळंबीच्या तळ्याच्या राखणदाराला विचारा, की चोवीस तासांत सर्वांत धास्तीची वेळ कोणती? तो भर दुपार किंवा मध्यरात्र सांगणार नाही; सूर्योदयापूर्वीचे दोन-तीन तास सांगेल. संध्याकाळी चांगली हिंडणारी कोळंबी पहाटे पाण्याच्या पृष्ठभागाजवळ व काठाशी गोळा होते, आणि वेळीच उपाय झाला नाही तर उजाडेपर्यंत तळ्यातील बरेचसे पीक मरून पडते. तीन-चार महिन्यांची मेहनत व कर्ज काढून घातलेला पैसा एका रात्रीत जातो. पाण्यात कोणी विष टाकलेले नसते. कमी पडलेला असतो तो फक्त प्राणवायू. तो नेमका पहाटेच का कमी पडावा? याचे उत्तर शोधायला आपल्याला शाळेतले पदार्थविज्ञान बरेचसे पुरेल.

पाण्यात प्राणवायू किती?

३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. त्याच तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त ७.६ मिलिग्रॅम विरघळू शकतो. पाणी खारे असेल तर आणखी कमी. समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२ आणि तळ्यातल्या मचूळ पाण्यात ६.८ च्या आसपास. ज्या हवेत आपण श्वास घेतो तिच्या मानाने कोळंबीच्या वाट्याला चाळिसावा हिस्सा येतो!

तापमानाचा परिणामही लक्षात घ्या. ० अंशाला गोड्या पाण्यात १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.६. म्हणजे पाणी तापले की साठा घटतो. उलट कोळंबीसारख्या प्राण्यांचा प्राणवायूचा खप तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो. जमा कमी आणि खर्च जास्त, अशी ही ओढाताण आहे.

कोळंबी कल्ल्यांनी श्वसन करते. तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य लोहाचे नसून तांब्याचे असते. त्याला हिमोसायनिन म्हणतात. लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली पाणी गेले की ती खाणे कमी करते व रोगांना लवकर बळी पडते. पाणी १ मिलिग्रॅमच्या आसपास आले तर ती मरू लागते. कात टाकताना तिला प्राणवायू अधिक लागतो. म्हणून त्या दिवशी धोकाही अधिक.

दिवसाची जमा, रात्रीचा खर्च

तळ्याच्या हिरवट पाण्यात असंख्य सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, तरंगत असतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाने त्या पाण्यात प्राणवायू सोडतात. दुपारी पाणी अतिसंपृक्त होऊन लिटरला ९-१० मिलिग्रॅमपर्यंतही जाते. सूर्य मावळला की जमा थांबते, पण श्वसन थांबत नाही. कोळंबी, तेच प्लवक आणि तळाशी साचलेले उरलेले खाद्य कुजवणारे जिवाणू असे सगळे मिळून रात्रभर साठा खातात.

एक उदाहरण करू. समजा, सूर्यास्ताला पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रॅम प्राणवायू आहे आणि तासाला ०.५ मिलिग्रॅम खर्च होतो. हवेतून येणारा थोडासा वाटा सध्या सोडून देऊ. बारा तासांत ६ मिलिग्रॅम संपले. पहाटे सहाला उरले २. कोळंबी गुदमरली, पण वाचली. आता तो दिवस ढगाळ होता असे धरा. प्रकाश कमी, म्हणून सूर्यास्ताला ६ मिलिग्रॅमच जमा झाले. रात्री दोनलाच पातळी २ वर येईल आणि सूर्योदयाच्या सुमारास शून्य! म्हणून ढगाळ दिवसानंतरची रात्र जागून काढावी लागते.

गोव्यातल्या जुन्या खाजणांत ही अडचण सहसा येत नसे. तेथे भरती-ओहोटीबरोबर पाणी आत-बाहेर होई आणि कोळंबी विरळ असे. भारतात २००९ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या व्हनामी जातीच्या कोळंबीची शेती सुरू झाली. तिच्या तळ्यांत एका चौरस मीटरला ४०-५० पिल्लेही सोडतात. इतकी दाटी झाल्यावर निसर्गाचा जमाखर्च जुळत नाही.

आठ वर्षांचा प्रवास

तुम्ही विचाराल, तळ्यावर तर सगळी हवाच आहे. मग कमी पडलेला प्राणवायू वरून आपोआप का उतरत नाही? उतरतो, पण फार हळू. स्थिर पाण्यात रेणू एकमेकांवर आदळत, वाट चुकत पुढे सरकतात. या क्रियेला विसरण म्हणतात. L अंतर जायला लागणारा काळ साधारणपणे L² भागिले 2D इतका असतो. येथे D हा विसरणांक. पाण्यातील प्राणवायूसाठी तो सुमारे २ × १०⁻⁹ चौरस मीटर दर सेकंदास आहे.

एक मिलिमीटर अंतरासाठी उत्तर येते २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटे. एक सेंटिमीटरसाठी सात तास. आणि एक मीटर खोल तळ्याच्या तळापर्यंत? २५ कोटी सेकंद, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे! अंतर शंभरपट झाले की काळ दहा हजारपट होतो. वर्गाची ही करामत आहे.

प्रत्यक्षात वाऱ्याने पाणी ढवळते. रात्री वरचे पाणी थंड व जड होऊन खाली जाते, त्यामुळेही अभिसरण होते. पण मोठा पाऊस पडला की हलके गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर सायीसारखे पसरते. मग वरचा थर थंड झाला तरी खाली जाण्याइतका जड होत नाही. अभिसरण बंद पडते आणि तळाशी राहणारी कोळंबी कोंडली जाते. ढग आणि पाऊस एकत्र आले की दुहेरी संकट ते असे.

चाके काय करतात?

तळ्यात वल्ह्यांची चाके फिरताना तुम्ही पाहिली असतील. शेतकरी त्यांना एरेटर म्हणतात. ही चाके पाण्याचे बारीक थेंब उडवतात. थेंबात प्राणवायूला मिलिमीटरभरच जायचे असते आणि हवेला चिकटलेले क्षेत्रफळही खूप वाढते. शिवाय वरचे-खालचे थर मिसळतात.

मात्र पाण्यात प्राणवायू शिरण्याचा वेग त्याच्या तुटीवर अवलंबून असतो. संपृक्त पातळी ६.८ असताना पाण्यात २.८ असेल तर तूट ४, पाण्यात ५.८ असेल तर तूट फक्त १, आणि वेगही चौथाई. दुपारी पाणी अतिसंपृक्त असताना तूट ऋण होते, आणि तेच चाक जमलेला प्राणवायू बाहेर घालवते! मिसळण्यासाठी दिवसा चाक थोडा वेळ फिरवणे ठीक, पण त्याचा खरा उपयोग रात्री.

किती चाके लागतील? एक हेक्टर क्षेत्राच्या, एक मीटर खोल तळ्यात एक कोटी लिटर पाणी असते. तासाला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम म्हणजे एकूण ५ किलोग्रॅम प्राणवायू. समजा, एक अश्वशक्तीचे चाक त्या वेळी तासाला अर्धा किलोग्रॅम देते. तर दहा अश्वशक्ती हवी. वीज गेली तर? म्हणूनच तळ्यावर डिझेलचे जनित्र सज्ज ठेवतात.

निरोप खरा कशावरून?

पातळी मोजण्याचे सोयीचे साधन लेलंड क्लार्क या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात प्लॅटिनमचे ऋणाग्र पातळ प्लॅस्टिक पटलामागे असते. पटलातून आत आलेल्या प्राणवायूचे ऋणाग्रावर क्षपण होते आणि जितका प्राणवायू तितका विद्युतप्रवाह मिळतो. पटलावर शेवाळ चढले तर आकडा चुकतो. म्हणून ते वेळोवेळी पुसावे लागते.

आज अशा संवेदकाला बिनतारी प्रेषक जोडता येतो. खारे पाणी विद्युतवाहक असल्याने त्यात या लहरी काही सेंटिमीटरांतच विरतात. म्हणून आकाशक पाण्याबाहेर काठीवर उभा करतात. निरोप येताच यंत्र स्वतःच चाके सुरू करते. पण हवेतून आलेला निरोप आपल्याच संवेदकाचा कशावरून? कोणी '५.८' असा खोटा आकडा पाठवला तर चाके बंदच राहतील आणि तळे मरेल.

यावर उपाय गणितात आहे. संवेदक व ग्राहक दोघांनाच ठाऊक असलेला एक गुप्त अंक ठरवतात. समजा तो ४७ आहे. पातळी २.१ म्हणजे २१ दशांश आणि निरोपाचा अनुक्रमांक ३१. मग २१ × ३१ + ४७ = ६९८; याला ९७ ने भागून बाकी १९. संवेदक पाठवतो : २१, ३१, १९. वाटेत कोणी २१ चे ५८ केले, तर ग्राहकाच्या हिशेबात बाकी २ येईल. ती १९ शी जुळत नाही, म्हणून निरोप खोटा. काल दुपारचा खरा निरोप टिपून ठेवून रात्री पुन्हा सोडला तर? त्याचा अनुक्रमांक जुना निघतो आणि तो नाकारला जातो. आणि लहरींचा गोंगाट करून निरोपच अडवला तर? म्हणून ठरलेल्या वेळी निरोप आला नाही, की संकट समजून चाके सुरू करावीत हा नियम. प्रत्यक्षात संख्या अतिप्रचंड व रीत गुंतागुंतीची असते. पण छोट्या विद्युतघटावर चालणाऱ्या संवेदकाला जड आकडेमोड परवडत नाही. कमी विजेत भक्कम कुलूप कसे बनवावे, हा आज संशोधनाचा विषय आहे.

करून पाहा

एका पेल्यात अर्ध्यापर्यंत दाट मिठाचे पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या पाठीवरून, अगदी हळू, शाईने रंगवलेले गोडे पाणी ओता. दोन थर किती तास वेगळे राहतात ते नोंदवा. मग चमच्याने ढवळा. पावसानंतरचे तळे आणि चाकाचे काम दोन्ही तुमच्यासमोर येतील.

विचार करा

१. सूर्यास्ताला ७ मिलिग्रॅम प्राणवायू असून तासाला ०.४ मिलिग्रॅम खर्च होत असेल, तर पातळी ३ वर किती वाजता येईल? (सूर्यास्त सायंकाळी ६ वाजता धरा.)

२. वरील रीत ठाऊक असलेल्या माणसाला २१, ३१, १९ हा एकच निरोप ऐकू आला. ९७ हा भाजकही त्याला माहीत आहे. ९७ पेक्षा लहान असलेला गुप्त अंक तो कसा शोधील? खऱ्या कुलपाची रीत इतकी सोपी का चालत नाही, हे मग तुमच्या ध्यानात येईल.