दवाखाना फीत कापून चालत नाही: काय करावे, काय टाळावे

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्हा परिषदेची इमारत औरंगपुऱ्यात. तिथून घाटी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, फार लांब नाही. 1956 पासून घाटीने मराठवाड्याचा भार वाहिला आहे. जालना, बीड, बुलढाण्याकडचे रुग्णही इथेच येतात. घाटीतल्या गर्दीबद्दल सगळेच बोलतात. त्या गर्दीचा मोठा भाग मात्र कुलूप लागलेल्या उपकेंद्रातून आणि औषध संपलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतो, आणि या दोन्हींचा कारभार औरंगपुऱ्यातून चालतो. त्यामुळे ही यादी जिल्हा परिषद सदस्य, आरोग्य अधिकारी आणि सरपंचांसाठी.

काय करावे

1. रिक्त पदे लांबच्या टोकाकडून भरावीत. मैदानी भागात 5 हजार लोकांमागे उपकेंद्र आणि 30 हजारांमागे प्राथमिक आरोग्य केंद्र, हा निकष आहे. इमारत मोजून तो पूर्ण होत नाही. सिस्टर आणि डॉक्टर तिथे असतात का, ते मोजावे. सोयगाव, कन्नडच्या डोंगरकडेची केंद्रे आधी, शहरालगतची नंतर.

2. चार खात्यांना महिन्यातून एकदा समोरासमोर बसवावे. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांचे, शहरातला दवाखाना महापालिकेचा आणि घाटी वैद्यकीय शिक्षण खात्याची. अडलेल्या बाळंतिणीला ही वाटणी ठाऊक नसते. कुठून कोणाला, का आणि किती उशिरा पाठवले, एवढा एकच विषय बैठकीला पुरेसा आहे.

3. औषधांची मागणी हंगाम पाहून करावी. पेरणी सुरू झाली की सर्पदंश वाढतात. म्हणून सर्पविषावरचे इंजेक्शन जूनच्या आधी केंद्रात हवे. साठा संपल्यावर मागणीपत्र लिहिणे म्हणजे रुग्णाच्या हातात बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी देणे.

4. आशाताईंना आधी ऐकावे आणि मोबदला वेळेवर द्यावा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने ते जगापुढे मांडले. आज देशभरातल्या आशा हेच काम करतात. त्यांना बैठकीत मागच्या सतरंजीवर बसवू नये.

5. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्याआधी करावी. कोण गरोदर आहे, कोणत्या बाळाचे डोस बाकी आहेत, टोळी कोणत्या कारखान्याला जाणार, हे लिहून तिथल्या आरोग्य केंद्राला कळवावे.

6. माता किंवा बालक दगावले तर उशीर कुठे झाला ते शोधावे. घरून निघायला, वाहन मिळायला की उपचार सुरू व्हायला? दुरुस्ती या उत्तरावर ठरते.

7. हिशेब गावापुढे ठेवावा. महाराष्ट्रात 2007 पासून लोकाधारित देखरेख आणि जनसुनवाईचा अनुभव आहे. लोकांनी अधिकाऱ्यांसमोर प्रश्न विचारले आणि बंद पडलेल्या सेवा सुरू झाल्या. रुग्ण कल्याण समितीची बैठकही सह्यांपुरती घेऊ नये.

काय टाळावे

1. कॅमेऱ्यापुढची झाडाझडती. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाल्याचे समोर आले. त्यांत 12 नवजात होते. पाठोपाठ तिथल्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले गेले. त्याने ना औषध आले, ना परिचारिका. जाब विचारावा, पण मनुष्यबळ, औषध आणि निधी यांचे कागद पुढ्यात घेऊन.

2. यंत्र आले की फोटो, बिघडले की मौन. कोरोनाकाळात घाटीला मिळालेल्या व्हेंटिलेटरमधल्या बिघाडाचे प्रकरण 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. ताबा घेण्याआधी यंत्र चालवून पाहावे, दोष लेखी कळवावा, आणि खरे सांगणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी उभे राहावे.

3. आगीची तपासणी कागदावर उरकणे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातल्या आगीत 10 नवजात बाळे गेली. दर वर्षी वायरिंग तपासावे आणि रात्रपाळीतल्या सिस्टरला अग्निशामक नळकांडे वापरता येते का, ते प्रत्यक्ष पाहावे.

4. फक्त धाकावर विसंबणे. नोव्हेंबर 2021 मध्ये कोरोना लसीकरणात आपला जिल्हा मागे पडला, तेव्हा लसीशिवाय रेशन, पेट्रोल नाही असा आदेश निघाला. आदेशाने रांग लागते, पण मनातली शंका जात नाही. त्यासाठी गल्लीतली आशाताई, मौलवी, शाळेतले गुरुजी यांच्याशी आधीपासून बोलणे असावे लागते.

5. सोयीची प्रतिनियुक्ती. नेमणूक खेड्यात आणि खुर्ची शहरात, असा एकही आदेश शिफारशीवर निघू नये. एका सिस्टरची सोय पाहिली की पाच हजार लोकांची गैरसोय होते.

6. गोड आकड्यांचे कौतुक. ‘शून्य मृत्यू’ लिहिणाऱ्याला शाबासकी आणि खरा आकडा देणाऱ्याला नोटीस मिळू लागली, की पुढच्या महिन्यापासून सगळेच शून्य लिहू लागतात.

7. नव्या इमारतीचा हट्ट. जुन्या केंद्रात पाणी, वीज आणि रात्री डॉक्टर नसतील, तर दुसरी कोनशिला बसवण्याची घाई कशाला?

पुढच्या आरोग्य समितीच्या सभेला जाताना तीनच प्रश्न न्या: या महिन्यात कोणते उपकेंद्र बंद होते? कोणते औषध संपले होते? घाटीला पाठवलेला कोणता रुग्ण आपल्याच केंद्रात बरा झाला असता? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्यापुढच्या सभेत तेच तीन प्रश्न पुन्हा विचारा.