पिसाळलेला कुत्रा कसा ओळखावा

पिसाळलेला कुत्रा गावभर धावतो व दिसेल त्याला चावतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी होय. अलर्क रोगाचे, म्हणजेच रेबीजचे, विषाणू मेंदूत पोहोचल्यावर काही कुत्री चवताळतात, तर काही मुकाट्याने कोपऱ्यात पडून राहतात. हा दुसरा प्रकार ओळखण्यातच बहुधा फसगत होते.

पहिला फरक स्वभावात पडतो. लळा लागलेला कुत्रा हाकेला येईनासा होतो व अंधारात दडतो. एरवी दूर राहणारा उगाच अंगाशी येतो. अन्न सोडून माती, काटक्या, चिंध्या चघळतो. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, चाल लटपटते. पुढे खालचा जबडा लुळा पडून लोंबू लागतो, तोंड मिटत नाही व लाळ गळते. घशात हाड अडकले असावे असे समजून धनी तोंडात हात घालतो. धन्याची मायाच येथे घात करते. कुत्रा चावला नाही तरी बोटावरील ओरखड्यातून लाळेतील विषाणू शरीरात शिरतात. अशा कुत्र्यास हात न लावता कोंडून ठेवावे व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. सारखी हंबरणारी, लाळ गाळणारी व घास गिळू न शकणारी गाय-म्हैस असल्यास हाच नियम पाळावा.

पाणी दाखवून परीक्षा करणे व्यर्थ आहे. पाण्याची भीती हे माणसातील लक्षण होय. पिसाळलेला कुत्रा पाण्यात तोंड घालतो, त्याला गिळता मात्र येत नाही. डिस्टेंपर रोगातही झटके येतात व पाय उडतात. त्यात पुष्कळदा ताप, खोकला आणि नाकाडोळ्यांतून चिकट स्राव आढळतो. तथापि हा निवाडा पशुवैद्याकडेच सोपवावा.

चावलेला कुत्रा निरोगी दिसत असल्यास त्यास मारू नये. १० दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू असतील, तर सामान्यतः या मुदतीत तो आजारी पडून मरतो. माणसाच्या उपचारासाठी मात्र हे १० दिवस थांबू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. पोटात १४ सुया टोचण्याची जुनी पद्धत आता राहिलेली नाही. लस दंडात देतात. माणसात लक्षणे उमटल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून ठरलेली एकही मात्रा चुकवू नये.

घरच्या कुत्र्याच्या पिल्लास तीन महिन्यांचे झाल्यावर प्रतिबंधक लस टोचून घ्यावी व पुढील मात्रांची तारीख दवाखान्यातून लिहून आणावी.