हरणांसाठीची पेर आणि आधीच्या पिकाचे सांडलेले बी

अमेरिकेच्या मध्य भागात हिवाळी गव्हाची कापणी जून-जुलैत उरकते. पुढे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये त्याच रानाच्या एखाद्या तुकड्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी ओट, राय, सलगम, क्लोव्हर असा चारा पेरला जातो. महाराष्ट्रात हरणे आणि रानडुकरे हाकलण्यासाठी रात्री जागवाव्या लागतात. तिकडे शिकारीचा हंगाम डोळ्यांपुढे ठेवून हरणांना पंगतच वाढली जाते. ही पेर फसते ती पुष्कळदा आधीच्या पिकाच्या सांडलेल्या दाण्यांमुळे.

कंबाइन हार्वेस्टरमागे दर चौरस फुटात गव्हाचे सुमारे २० दाणे दिसले, तर एकरी एक बुशेल, म्हणजे २७ किलो गहू सांडला असे धरतात. एरवी एकरी २७ ते ५४ किलो बियाणे पेरले जाते. म्हणजे थोडीशी गळही जवळजवळ पूर्ण पेरणीइतकी भरते. तीही सारखी पसरत नाही. यंत्रामागे भुसा पडतो त्या पट्ट्यांत दाट उगवते आणि सलगम-क्लोव्हरची नाजूक रोपे तिथेच दबतात.

उपाय सोपा आहे, पण त्याला वेळ द्यावा लागतो. दाणे गाडायचे नसतात, उगवू द्यायचे असतात. कापणीनंतर डिस्क हॅरोची एक उथळ पाळी, एक-दोन इंचांपेक्षा खोल नाही, म्हणजे दाण्याला मातीचा स्पर्श मिळतो आणि पहिल्या चांगल्या पावसाने तो उगवतो. रोपे लहान असतानाच दुसऱ्या पाळीने किंवा ग्लायफोसेट या तणनाशकाने मारतात. पाऊस लांबला तर उगवण अर्धीच होते, आणि उरलेले दाणे नेमके नव्या पेरणीबरोबर वर येतात. अशा वर्षी पेरणी आठवडाभर पुढे ढकललेली बरी. रेपसीड-कॅनोलाला मात्र हा क्रम चालत नाही. त्याचे बी कापणीनंतर लगेच मातीआड गेले, तर अंधारात आणि कोरड्यात सुप्तावस्थेत जाते आणि पुढे कित्येक वर्षे उगवत राहते. ते तीन-चार आठवडे पृष्ठभागावरच पडू द्यावे.

आपोआप उगवलेला गहू हरणे खातातच, मग मारायचा कशाला, असा प्रश्न निघतो. तुकड्यात नुसते तृणधान्यच पेरायचे असेल तर तो बिनतोड वाटतो, पण शेजाऱ्याच्या दृष्टीने नाही. अशा गव्हावर उन्हाळाभर एक सूक्ष्म कोळी तगून राहतो, वाऱ्याबरोबर नव्या गव्हावर जातो आणि पानांवर पट्टेरी मोझॅक आणणारा विषाणू सोबत नेतो. २०१७ मध्ये पश्चिम कॅन्ससमध्ये या रोगाने मोठे नुकसान केले. यजमान रोप नसेल तर हा कोळी फार दिवस जगत नाही, म्हणून आसपासच्या गव्हाच्या पेरणीआधी किमान दोन आठवडे ही रोपे पूर्ण मेलेली असावीत.

सांडलेल्या सोयाबीनने फारसे बिघडत नाही; हरणे कोवळी रोपे खुडतात आणि उरलेली पहिल्या कडक थंडीत जातात. मक्याकडे लक्ष हवे. ग्लायफोसेट सहन करणाऱ्या वाणाची रोपे त्या फवारणीने मरत नाहीत. क्लोव्हरमध्ये अशा मक्यासाठी फक्त गवतवर्गीय रोपे मारणारे क्लेथोडिम वापरतात. मक्यावर ॲट्राझिन हे तणनाशक मारलेले असेल तर त्याचा अंश ओट, सलगम आणि क्लोव्हर तिघांनाही जाळू शकतो. शंका असल्यास त्या शेताची माती कुंडीत घेऊन आधी थोडे बी उगवून पाहावे.

पोत्यात उरलेले बी तुकड्यात उधळून संपवण्याचा मोह टाळावा. औषध लावलेले रंगीत बी उघड्यावर पडले तर पक्षी ते टिपतात. शिवाय स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीबाबतच्या संघीय नियमांत नेहमीच्या पेरणी-कापणीत पडलेले धान्य आमिष ठरत नाही, पण बाहेरून आणून टाकलेले ठरते. ते सगळे उचलल्यावरही १० दिवस ती जागा आमिषाचीच मानली जाते. हरणांबाबतचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत.