सरासरी आणि अंतर

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत नेमबाजीचे कित्येक शौकीन पिस्तुलाचीं काडतुसें स्वतः भरतात. पितळी कवचांत मोजून दारू घालावयाची आणि वर गोळी बसवावयाची, एवढेंच तें काम दिसतें. परंतु शहाणा मनुष्य तत्पूर्वीं गोळ्या पारखून घेतो.

गोळीचें वजन ग्रेनमध्यें सांगतात. सोनाराची गुंज जशी मूळची एक बी, तसा ग्रेन हा मूळचा जवाचा दाणा. एका पौंडांत ७००० ग्रेन भरतात. नऊ मिलिमीटर पिस्तुलाची एक नेहमींची गोळी १२४ ग्रेन, म्हणजे सुमारें ८ ग्रॅम असते. समजा, एका डब्यांतील तीन गोळ्या १२३, १२४ व १२५ ग्रेन भरल्या. दुसऱ्यांतील ११४, १२४ व १३४. दोहोंची सरासरी एकच! म्हणून सर्वांत जड व सर्वांत हलकी यांतील अंतर पाहावें. पहिल्या डब्यांत तें २ आहे, दुसऱ्यांत २०. ओतीव गोळी फार हलकी भरली, तर आंत पोकळी असण्याचा संभव असतो.

नंतर लांबी मोजावी. काडतुसाची एकूण लांबी तीच ठेवून अधिक लांब गोळी बसविली, कीं तिचें बूड कवचांत अधिक खोल जातें, आंतील जागा आकसते व वायूचा दाब वाढतो. तो मर्यादेबाहेर गेल्यास पिस्तूल हातांतच फुटण्याचें भय असतें.

मुलांनो, हें काम तुमचें नव्हे. परंतु प्रयोगशाळेंत तीनदां मोजमाप घ्याल, तेव्हां केवळ सरासरी लिहून मोकळे होऊं नका. तिन्ही आंकडे वहींत उतरवा आणि त्यांतील अंतरहि पाहा.