न्यायमूर्तींच्या चेंबरमधलं एक वर्ष

20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि लॉ करणाऱ्या मुलांच्या घरचा हिशेब विस्कटला. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली झालेली हवी, असं तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ठरवलं. त्याआधी महाराष्ट्रात ताज्या पदवीधरालाही एमपीएससीची ही परीक्षा देता येत असे. वसईच्या गिरीज, भुईगाव, निर्मळ या पट्ट्यात ज्यांची मुलगी किंवा मुलगा लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्या आईबाबांचा प्रश्न तेव्हापासून एकच आहे: बारावीनंतर पाच वर्षं शिकली, आता आणखी तीन वर्षं थांबायचं, तर तोवर पोरीनं करायचं काय?

त्याच निकालात याचं एक उत्तर आहे, पण बातम्यांच्या मथळ्यांत ते फारसं आलं नाही. न्यायमूर्तींकडे लॉ क्लर्क म्हणून केलेल्या कामाचा अनुभवही या तीन वर्षांत धरायचा, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. उरलेल्या वकिलीची मोजणी तात्पुरती सनद मिळाल्या दिवसापासून होते. म्हणजे निकाल हातात आल्यावर सनदेचा अर्ज ‘सावकाश करू’ म्हणून लांबवण्यात आता तोटाच आहे.

लॉ क्लर्क ही कायम नोकरी नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते ठरावीक मुदतीचं कंत्राट असतं. पेन्शन नाही, ‘सरकारी नोकरी लागली’ म्हणून पेढे वाटावेत असं काही नाही. पण पैसे बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2025 च्या भरतीत 90 जागा होत्या आणि मानधन महिना 80,000 रुपये. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मागवलेल्या 64 जागांसाठी महिना 65,000 रुपये. आता दुसरी बाजू. सीनिअरच्या हाताखाली काम करणाऱ्या ज्युनिअर वकिलाला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावं, असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवलं. सुचवलं, सक्ती केली नाही. तेवढंही न मिळणारे ज्युनिअर किती आहेत ते वसईच्या कोर्टात कोणालाही विचारा. ज्या घरात आधी कोणी वकील नाही, तिथल्या मुलाला पहिलं वर्षभर निम्मं-अधिक घरच्या पैशांवर काढावं लागतं. लॉ क्लर्कला ते लागत नाही.

गिरीजच्या मुलांसाठी मुंबईचं आणखी एक गणित आहे. उच्च न्यायालयाची फोर्टातली इमारत चर्चगेट स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रिक्षा किंवा बसने वसई रोड, तिथून फास्ट लोकल, आणि सव्वा तासाच्या आसपास चर्चगेट. रोजचा धक्काबुक्कीचा प्रवास आहे, पण घरभाडं नाही, डबा घरचा, आणि 65 हजारांतले बरेचसे हातात राहतात. 2025 च्या भरतीत दिल्लीचे 80 हजार कागदावर जास्त दिसले. खोली, जेवण, प्रवास वजा केल्यावर फरक मिटतो. पैशासाठी दिल्लीला जाऊ नका. जायचं असेल तर कामासाठी जा.

हे काम असतं काय? उच्च न्यायालयात प्रत्येक खंडपीठाचं दुसऱ्या दिवशीचं बोर्ड, म्हणजे प्रकरणांची यादी, आदल्या संध्याकाळी लागतं. त्यावरचं मॅटर म्हणजे जाड पेपरबुक: याचिका, जोडपत्रं, प्रतिज्ञापत्रं, खालच्या कोर्टाचा आदेश. न्यायमूर्ती ते वाचतातच. पण सकाळी कोर्ट भरण्याआधी त्यांच्यासमोर प्रत्येक मॅटरचं छोटं टिपण असावं लागतं, आणि ते लिहिणं हे लॉ क्लर्कचं मुख्य काम. शिवाय युक्तिवादात वकिलांनी दिलेले निवाडे खरंच तेच म्हणतात का ते पडताळायचं, एखाद्या मुद्द्यावर आधीचे निकाल शोधायचे, निकालाच्या मसुद्यातले संदर्भ आणि तारखा तपासायच्या. सर्वोच्च न्यायालयात सोमवार आणि शुक्रवार हे नव्या प्रकरणांचे दिवस असल्यामुळे शनिवार-रविवार बहुतेक विशेष अनुमती याचिका वाचण्यातच जातात. रविवारी मुलगा घरी जेवायला येईल, या भ्रमात आईने राहू नये.

टिपण म्हणजे काय हे सांगायला गिरीजच्या माणसाला लांबचं उदाहरण नको. वसई-विरार महापालिका 3 जुलै 2009 रोजी झाली, पश्चिमेकडच्या हिरव्या पट्ट्यातून विरोध उठला, 2011 साली सरकारने 29 गावं वगळण्याची अधिसूचना काढली, ती उच्च न्यायालयात गेली आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिली. पारावर या वादाची चर्चा तास-तास चालते. कोण कोणाचं, कोणी काय कबूल केलं होतं, कोण फिरलं. हेच प्रकरण लॉ क्लर्कच्या टेबलावर आलं तर त्याने एका पानात काय लिहायचं? अधिसूचनेची तारीख आणि ती कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढली. ती काढण्याआधी कोणाशी सल्लामसलत करणं कायद्याने बंधनकारक होतं आणि कागदांवरून ते केल्याचं दिसतं का. न्यायालयाने आतापर्यंत कोणकोणते अंतरिम आदेश दिले. याचिकाकर्ता नेमकं मागतो काय, म्हणजे प्रेयर क्लॉज. आणि आज न्यायालयाने ठरवायचा प्रश्न कोणता. कोण चांगला, कोण वाईट, हे त्या पानावर येत नाही. हजार पानांतून ही पाच उत्तरं काढणं ज्याला जमतं, त्याला क्लर्कशिप जमते. वक्तृत्व स्पर्धेत ढाली मिळवलेल्या किती तरी मुलांना हे जमत नाही. आणि वर्गात तोंड न उघडणारी, पण वही स्वच्छ ठेवणारी मुलगी हे सहज करते. मुलगा घरात खूप वाद घालतो म्हणून त्याला लॉला घातला, असं सांगणाऱ्या बाबांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

इंग्रजी लागतंच, त्यात गोड बोलण्यात अर्थ नाही. उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीत चालतं, टिपण इंग्रजीतच लिहायचं. मात्र ते इंग्रजी फाड फाड बोलण्याचं नसून लिहिण्याचं आहे: छोटी वाक्यं, बरोबर काळ, तारखांचा क्रम. आणि मराठीचा एक फायदा आपल्याकडची मुलं विसरतात. खालच्या कोर्टातली साक्ष, पंचनामा, सातबारा, फेरफार, ग्रामपंचायतीचा ठराव, हे सगळं मुंबईत येतं ते मराठीतच, आणि सोबतचं भाषांतर कधी कधी इतकं सैल असतं की अर्थच बदलतो. बाहेरच्या राज्यातून मोठ्या लॉ स्कूलमध्ये शिकून आलेला क्लर्क तिथे अडतो. घरात सामवेदी नाहीतर वाडवळी बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली आणि आजोबांच्या वाडीचा सातबारा एकदा तरी हातात धरलेली मुलगी तिथे अडत नाही. मुलाखतीत हे न लाजता सांगावं.

आता अर्ज. दोन्ही न्यायालयांच्या वाटा वेगळ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयासाठी पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या पाचव्या किंवा तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो, फक्त रुजू होण्याआधी पदवी मिळाल्याचा पुरावा द्यावा लागतो. 2025 च्या भरतीत वयाची अट 20 ते 32 होती. निवड तीन टप्प्यांत: आधी वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका, मग लेखी उत्तरांची, शेवटी मुलाखत. वस्तुनिष्ठ भागात चुकीच्या उत्तराला गुण कापतात. लेखी भागात पाठांतर चालत नाही. तिथे विश्लेषण आणि लेखन तपासतात. पेपर तपासणाऱ्याला तुमचं कॉलेज दिसत नाही, ही आपल्या मुलांसाठी मोठी गोष्ट आहे.

मुंबई उच्च न्यायालयाच्या 2025 च्या जाहिरातीत अट होती ती लॉची अंतिम परीक्षा पहिल्याच प्रयत्नात किमान 55 टक्क्यांनी उत्तीर्ण झाल्याची. ‘पहिल्याच प्रयत्नात’ या दोन शब्दांनी दर वर्षी कितीतरी अर्ज दारातच थांबतात. मुंबई विद्यापीठात केटी लागणं हे मुलांना सर्दी-पडशासारखं वाटतं, म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांच्या पालकांना हे आजच सांगतो. इथे लेखी परीक्षेचं वेगळं अवडंबर नसतं; अर्जांची छाननी आणि मुलाखत यांवर भर असतो. मुख्य पीठ मुंबईत, राज्यातली खंडपीठं नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद). ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच बसतं. आजोळ तिकडे असेल तर तोही विचार करून ठेवा. संगणकावर निवाडे शोधता येणं दोन्हीकडे गृहीत धरलेलं असतं. त्यासाठी महागडं सदस्यत्व विकत घ्यायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे 2023 पासून ई-एससीआर या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात.

अमेरिकेतल्या भावाने किंवा मावसबहिणीने क्लर्कशिपबद्दल जे सांगितलं असेल, ते इथे तसंच लागू होत नाही. तिकडे ही परंपरा 1882 पासूनची आहे: सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी हार्वर्डच्या ताज्या पदवीधराला स्वतःच्या खिशातून पगार देऊन ठेवायला सुरुवात केली. आजचे तिथले सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्‌स तरुणपणी न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांचे क्लर्क होते. तिथे क्लर्कशिप झाली की मोठ्या फर्म दारात उभ्या राहतात. आपल्याकडे ते वजन अजून आलेलं नाही. फर्मवाले विचारतात, परदेशातल्या एलएलएमच्या अर्जाला चांगली साथ होते, न्यायाधीशाच्या परीक्षेला तर आता सरळ उपयोगच आहे. पण ठरलेलं बक्षीस कोणी देत नाही.

तयारी शेवटच्या वर्षाच्या आधीच सुरू होते. बार कौन्सिलच्या नियमानुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. बहुतेक मुलं ओळखीच्या वकिलाकडून सर्टिफिकेट आणून हे आठवडे भरतात. त्यातले चार आठवडे वसईच्या न्यायालयात खऱ्या वकिलाबरोबर काढा, उलटतपासणी बघा, रोजनामा वाचायला शिका. आणखी चार आठवड्यांसाठी उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींच्या चेंबरला बायोडेटा आणि स्वतः लिहिलेलं एक छोटं पत्र पाठवा. उत्तर येईलच असं नाही. दहा ठिकाणी पाठवावं लागतं, तेव्हा एखाद्या ठिकाणी जमतं. पत्रात ‘मला लहानपणापासून न्यायाची आवड आहे’ असलं काही नको. काय वाचलंय, काय लिहिलंय, कधी येऊ शकतो, एवढं पुरे. फौजदारी विषय घेतलेल्यांनी 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता आणि तिच्या दोन बहिणी शिकाव्याच, पण जुनं भारतीय दंड विधान विसरू नये. उच्च न्यायालयात पुढची कित्येक वर्षं जुन्या कलमांखालचीच अपिलं येत राहणार आहेत.

माझं मत विचाराल तर ही वाट सगळ्यांसाठी नाही. काकांचं वसईत चालू ऑफिस आहे, पक्षकार घरी येतात, अशा मुलाने वर्षभर चेंबरमध्ये बसून काय मिळवायचं? या काळात वकिली करता येत नाही, आणि तेवढ्यात काकांच्या पक्षकारांना दुसरा तरुण वकील सवयीचा होतो. उलट ज्याच्या घरात कोर्टाची पायरी कोणी चढलेलं नाही, ज्याला पुढे न्यायाधीश व्हायचं आहे किंवा उच्च न्यायालयात प्रॅक्टिस करायची आहे, त्याने दोन्ही अर्ज जरूर करावेत.

निवड झाली, तर आईबाबांसाठी एक पथ्य. चेंबरमधलं काही घरी विचारायचं नाही. कोणत्या मॅटरमध्ये काय निकाल लागणार, हे मुलाला माहीत असू शकतं आणि ते त्याने आईलाही सांगायचं नसतं. गावात ही बातमी पसरली की कोणी ना कोणी येतंच: ‘आमच्या जमिनीची केस त्याच साहेबांपुढे आहे, जरा कानावर घालायला सांग ना.’ त्या माणसाला चहा द्या आणि तिथेच थांबवा, मुलापर्यंत जाऊ देऊ नका. नात्यातल्या कोणाचं प्रकरण त्या बोर्डावर आलं, तर मुलाने स्वतःहून न्यायमूर्तींना सांगून त्यापासून बाजूला व्हायचं असतं. आणि ‘हायकोर्टात ओळख आहे, पन्नास हजारांत काम करून देतो’ म्हणणारा भेटला तर त्याला दारात उभं करू नका. जाहिरात न्यायालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते आणि अर्जाची फी काही शेकड्यांत असते. 2025 ला सर्वोच्च न्यायालयाची 500 रुपये होती.

2025 साली दोन्ही जाहिराती जानेवारीत आल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या अर्जाची मुदत 14 जानेवारी ते 7 फेब्रुवारी होती आणि लेखी परीक्षा 9 मार्चला झाली. म्हणजे जाहिरात पाहून अभ्यासाला बसणाऱ्याला दोन महिनेसुद्धा मिळत नाहीत. तेव्हा शेवटच्या वर्षाच्या मुलांनो, डिसेंबर लागला की दोन्ही संकेतस्थळं रोज उघडा, आणि तोवर दर आठवड्याला एक निवाडा घेऊन त्याचं एका पानाचं टिपण लिहा. सुरुवात त्या 20 मे 2025 च्या निकालापासूनच करा. तो तुम्हाला असाही वाचायचाच आहे.